मृत्युपत्रांच्या सूचीत न दिसणारी माणसे

१/ इंग्लंड व वेल्समध्ये मृत्युपत्रे प्रमाणित करण्याचे काम पूर्वी मुख्यतः चर्चच्या न्यायालयांकडे असे. जानेवारी १८५८पासून ते दिवाणी न्यायालयाकडे आले आणि दरवर्षी आडनावांच्या वर्णानुक्रमाने छापील प्रोबेट-सूची निघू लागली.

२/ नोंदीत मृताचे नाव, पत्ता, मृत्यूचा दिनांक, मालमत्तेचे मूल्य आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांची नावे आढळतात. वंशवृक्ष जुळवणाऱ्यास ही शेवटची नावे विशेष मोलाची.

३/ कादंबरीकार चार्ल्स डिकन्स ९ जून १८७० रोजी निवर्तले. अंमलबजावणी सोपवली होती मित्र जॉन फॉर्स्टर व मेहुणी जॉर्जिना होगार्थ यांच्यावर. पत्नी कॅथरिन हयात असूनही त्यांत नव्हत्या. उभयता १८५८ सालीच विभक्त झाले होते.

४/ सूची कारण सांगत नाही, प्रश्न उभा करते. उत्तर मूळ मृत्युपत्रात शोधावे लागते.

५/ आणि ज्यांची नोंदच नाही त्यांचे काय? १८८२च्या कायद्यापूर्वी विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीविना मृत्युपत्र करणे सहसा शक्य नव्हते. त्यामुळे एखादी पणजी सूचीत सापडली नाही, तर दोष तिच्या आयुष्याचा नव्हे. कायद्याने तिच्या हाती काही राहूच दिले नव्हते.