मनोरुग्णाचे बंधन आणि कायदा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

घरातील एखाद्याचे मन बिघडून तो स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवावर उठला, म्हणजे घरची मंडळी पुष्कळदा डॉक्टरांच्या आधी धर्मसेवकाकडे धाव घेतात. अशा रुग्णास त्याच्या इच्छेविरुद्ध ठेवण्याचा अधिकार कोणास आहे, हे आपणांस ठाऊक असावयास हवे.

हिंदुस्थानात १८५८ साली झालेल्या कायद्यांची जागा १९१२ च्या कायद्याने घेतली. त्याची मुख्य चिंता समाजाच्या सुरक्षिततेची होती. दोन वैद्यकीय दाखले व मॅजिस्ट्रेटचा हुकूम मिळाला की 'वेडा' ठरलेला मनुष्य वेड्यांच्या इस्पितळात जाई. मोकाट फिरणाऱ्यास पोलीस पकडीत. १९८७ चा कायदा १९९३ मध्ये अमलात येईपर्यंत ही व्यवस्था टिकली. त्याने 'वेडा' हा शब्द काढला, पण मॅजिस्ट्रेटचा हुकूम ठेवला.

या कायद्यांच्या कक्षेबाहेर साखळदंड चालूच होते. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवासास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण मृत्यू पावले. आप्तांनी त्यांस तेथे बरे होण्याच्या आशेनेच ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाची दखल स्वतःहून घेतली.

२०१७ चा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. त्याने प्रश्नच बदलला : समाजास धोका किती, याबरोबर रुग्णाचे हक्क कोणते, हेही विचारले. इच्छेविरुद्ध दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी, त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ, रुग्णास स्वतंत्रपणे तपासावे लागते. स्वतःस इजा, इतरांवर हिंसा, किंवा स्वतःची काळजी घेण्याची घातक असमर्थता, यांपैकी एक कारण लागते. मुदत प्रथम ३० दिवसांची असते व रुग्ण पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागू शकतो. रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध आहे. पोलिसांनी संरक्षणाखाली घेतलेल्या रुग्णास कोठडीत ठेवता येत नाही; २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील मनुष्यासही गावकऱ्यांनी बेड्या घातल्या होत्या. प्रभूने मात्र त्यास त्याचे नाव विचारले. आमच्या मते धर्मसेवकाचे कार्य येथेच आहे. प्रार्थना अवश्य करावी, परंतु तिच्या नावाखाली कोणास कोंडू नये व उपचारास विलंब लावू नये. रुग्णाचा छळ वा हेळसांड होत असल्याचे कळल्यास पोलिसांस कळविणे हे कायद्याने प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले आहे. त्यातून आपण सुटलेलो नाही.