पात्र बदलले की उतारा बदलतो: रसायनीच्या निमित्ताने अभिक्रियापात्रांचा इतिहास

१/ मुंबईहून निघालेली कर्जत लोकल वांगणी सोडून शेलू आणि नेरळकडे येते, तेव्हा उजव्या हाताला माथेरानची डोंगररांग उभी असते. अलीकडे उल्हास नदीचे खोरे, पलीकडे पाताळगंगेचे. त्या पलीकडच्या खोऱ्यात एक वसाहत आहे, जिचे नावच तिच्या उद्योगावरून पडले: रसायनी. तिच्या निमित्ताने हा थ्रेड एका प्रश्नाचा इतिहास सांगतो. कच्चा माल तोच, तापमान तेच. मग केवळ पात्राचा प्रकार बदलल्याने हाती येणारा माल का बदलतो?

२/ १२ डिसेंबर १९६० रोजी 'हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स' या सरकारी कंपनीची स्थापना झाली. रंग, औषधे, कीटकनाशके आणि रबर-रसायने यांना लागणारे मूलभूत सेंद्रिय पदार्थ परदेशांतून आणावे लागत. ते देशातच तयार व्हावेत हा हेतू होता. १९७०–७१ मध्ये रसायनीचे कारखाने सुरू झाले. नायट्रोबेंझीन, ॲनिलीन, क्लोरोबेंझीन, नायट्रोक्लोरोबेंझीन ही तेथील काही उत्पादने.

३/ जागेमागे पाण्याचे कारण होते. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून वीज निर्माण करून सुटलेले पाणी पाताळगंगेत उतरते. कोकणातल्या बहुतेक लहान नद्या उन्हाळ्यात आटतात. ही मात्र बारमाही वाहते. रासायनिक उद्योगाला थंडाव्यासाठी, वाफेसाठी आणि धुलाईसाठी असेच पाणी लागते.

४/ या उत्पादनांपैकी एकच पाहू: मोनोक्लोरोबेंझीन. रंग आणि औषधांच्या मध्यस्थ पदार्थांचा हा पाया. डीडीटीही त्याच्यापासूनच बनते. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीची मागणी वाढली. १९५४ मध्ये 'हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स' स्थापन झाली. पुढे तिचाही एक कारखाना रसायनीत आला.

५/ कृती वरवर सोपी आहे. द्रव बेंझीनमध्ये लोहाच्या क्लोराइडसारखा उत्प्रेरक घालून क्लोरीन वायू सोडायचा. बेंझीनच्या रेणूवरील एका हायड्रोजनची जागा क्लोरीन घेतो आणि मोनोक्लोरोबेंझीन तयार होते. अडचण पुढे आहे. तयार झालेल्या मोनोवर क्लोरीन पुन्हा हल्ला करतो आणि डायक्लोरोबेंझीन बनते. हवा असलेला पदार्थ मधल्या पायरीवर आहे, आणि अभिक्रिया तेथे आपोआप थांबत नाही.

६/ म्हणजे एकाच क्लोरीनसाठी दोन गिऱ्हाइके: बेंझीन आणि मोनो. पाठ्यपुस्तकांत रूढ झालेल्या आकड्यानुसार पहिली अभिक्रिया दुसरीच्या सुमारे ८ पट वेगवान आहे. हे गुणोत्तर रेणूंच्या स्वभावातून येते. मात्र कोणत्या क्षणी कोणता रेणू क्लोरीनच्या वाटेत उभा असावा, हे पात्र ठरवते.

७/ एकोणिसाव्या शतकातील युरोपातल्या रंगद्रव्यांच्या कारखान्यांत हा प्रश्न फारसा जाणवत नसे. तेथे हंडे असत. सगळा माल एकदम भरायचा, अभिक्रिया चालवायची, नमुना पाहून थांबवायची, हंडा रिकामा करायचा. यालाच बॅच पद्धत म्हणतात. हंड्यातील प्रत्येक रेणूला सारखाच वेळ मिळतो, हा तिचा न बोललेला गुण.

८/ विसाव्या शतकात मागणी टनांवरून हजारो टनांवर गेली. हंडा भरण्या-उपसण्यात वाया जाणारा वेळ परवडेना. सलग पद्धत आली: एका बाजूने कच्चा माल आत, दुसऱ्या बाजूने तयार माल बाहेर, रात्रंदिवस. तिची दोन टोकाची रूपे आहेत. एक लांब नळी. दुसरी सतत ढवळली जाणारी टाकी.

९/ नळी ही दिंडीसारखी. बरोबर निघालेले बरोबर पोहोचतात. मागचा पुढे जात नाही, पुढचा मागे येत नाही. ढवळती टाकी ही जत्रेसारखी. आत्ता आलेला आणि सकाळपासून फिरणारा एकाच गर्दीत मिसळलेले. बाहेरच्या वाटेने कोण कधी निघेल याचा नेम नाही.

१०/ आता क्लोरीनकडे पाहू. नळीच्या सुरुवातीला भोवती जवळजवळ सगळे बेंझीनच असते, त्यामुळे क्लोरीन योग्य ठिकाणी खर्च होतो. मोनो दाटते ते शेवटाकडे. टाकीत मात्र ताजे बेंझीन आत पडताच तयार मोनोच्या गर्दीत विरून जाते. क्लोरीनला पहिल्या क्षणापासून मोनो भेटत राहते. काही रेणू फार वेळ थांबून डाय होतात. काही काहीच न घडता निसटतात.

११/ हे गणिताच्या भाषेत मांडण्याचे काम १९४० च्या दशकात झाले. १९४४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ केनेथ डेनबी यांचा सलग पद्धतींतील वेग आणि उतारा यांवरील निबंध प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये अमेरिकी रसायन अभियंता मॅकमलिन यांनी नेमकी बेंझीनच्या क्लोरीनीकरणाचीच उत्पादन-विभागणी मांडली. आजही हे उदाहरण विद्यार्थ्यांना सोडवावे लागते.

१२/ ८ पटींचे गुणोत्तर धरून हिशेब करू. बेंझीनच्या १०० रेणूंपासून जास्तीत जास्त किती मोनो मिळेल? बॅच हंड्यात किंवा आदर्श नळीत सुमारे ७४. एकट्या ढवळत्या टाकीत सुमारे ५५. टाकीच्या त्या उत्तम बिंदूवरही २६ रेणू बेंझीनच राहतात आणि १९ डाय होतात. उत्प्रेरक तोच, तापमान तेच. फरक फक्त मिसळण्याचा.

१३/ व्यवहारात एवढे पुढे जात नाहीत. अभिक्रिया अर्ध्यावर थांबवतात आणि उरलेले बेंझीन ऊर्ध्वपातनाने वेगळे करून परत वापरतात. बेंझीन ८० अंशांना उकळते, मोनो १३२ ला, डाय १७० च्या पुढे. वेगळे करणे शक्य आहे. ५० रेणू खर्ची पडले असता नळीत डाय होतात सुमारे २.३, टाकीत ५.६. नको असलेला माल दुपटीहून अधिक.

१४/ मग टाकी कोणी का वापरावी? उष्णतेमुळे. क्लोरीनीकरणात पुष्कळ उष्णता सुटते. बंद नळीत ती एखाद्या ठिकाणी साचली, तर तेथील तापमान चढते आणि नियंत्रण सुटण्याचा धोका असतो. ढवळत्या टाकीत तापमान सर्वत्र सारखे राहते, थंडावा देणे सोपे जाते, बिघाड लवकर लक्षात येतो. उतारा आणि सुरक्षितता यांत येथे ओढाताण असते.

१५/ यावरची तडजोड म्हणजे टाक्यांची माळ: एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. ५० रेणूंच्याच हिशेबात एका टाकीत डाय ५.६, सारख्या दोन टाक्या लावल्या तर ३.८, चार लावल्या तर ३.१. माळ लांबत गेली की ती नळीच्या २.३ जवळ सरकते. मात्र प्रत्येक नव्या टाकीचा लाभ आधीपेक्षा कमी आणि खर्च तितकाच. कोठे थांबायचे, हा अभियंत्याचा निर्णय.

१६/ एकापाठोपाठ एक घडणाऱ्या अभिक्रियांचा हा नियम. समांतर अभिक्रियांत, म्हणजे एकाच पदार्थाला दोन वाटा फुटतात तेव्हा, कसोटी वेगळी. हवी असलेली वाट दाट द्रावणात अधिक वेग घेत असेल, तर नळी किंवा बॅच. नको असलेली वाट दाटपणाने फोफावत असेल, तर ढवळती टाकी किंवा थेंबथेंब भरणी. 'उत्तम पात्र' असे काही नसते. या अभिक्रियेसाठी उत्तम एवढेच म्हणता येते.

१७/ पात्राच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. मोनोक्लोरोबेंझीनवर नायट्रिक आम्लाची क्रिया केली, की पॅरा आणि ऑर्थो असे दोन नायट्रोक्लोरोबेंझीन साधारण दोनास एक प्रमाणात एकदम बनतात. दोन्ही वाटा द्रावणाच्या दाटपणाला सारखाच प्रतिसाद देतात, म्हणून नळी असो वा टाकी, प्रमाण जवळपास तेच. तेथे उत्प्रेरक किंवा परिस्थिती बदलावी लागते, नाहीतर दोन्हींना बाजार शोधावा लागतो.

१८/ मिसळण्याचेही प्रकार आहेत. क्लोरीन बुडबुड्यांतून येतो; बुडबुड्याभोवतीच्या थरात बेंझीन संपले आणि नवे पोहोचले नाही, तर तेथेच डाय बनू लागते. म्हणून आडवे मिसळणे हवे, पण प्रवाहाच्या दिशेने मागेपुढे मिसळणे नको. केंब्रिजचे पीटर डँकवर्ट्स यांनी १९५३ मध्ये पात्रातील रेणूंच्या मुक्कामाच्या वेळांची विभागणी कशी मोजावी हे दाखवले; वायू-द्रव अभिक्रिया हा त्यांचा पुढचा मोठा विषय.

१९/ हीच परंपरा माटुंग्याला पोहोचली. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, १९३३ पासूनचा. तेथे शिकलेले मनमोहन शर्मा डँकवर्ट्स यांच्या हाताखाली पीएच.डी. करून १९६४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, तेथेच प्राध्यापक झाले. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय अभियंते.

२०/ याच काळात विषयाला नाव मिळाले. १९५७ मध्ये ॲमस्टरडॅम येथे रासायनिक अभिक्रिया अभियांत्रिकीवरील पहिला युरोपीय परिसंवाद भरला. १९६२ मध्ये ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचे पाठ्यपुस्तक आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एल. के. दोराईस्वामी यांनी हा विषय रुजवला. १९८४ मध्ये दोराईस्वामी आणि शर्मा यांचा विषमांगी अभिक्रियांवरील द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुणे आणि माटुंगा यांच्या मध्ये, घाटाच्या पायथ्याशी, रसायनी.

२१/ डायक्लोरोबेंझीन नेहमीच कचरा असते असे नाही. पॅरा-डायक्लोरोबेंझीन कपड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवायच्या गोळ्यांत वापरतात. पण बाजार घेईल त्याहून अधिक झालेला प्रत्येक किलो साठवावा, जाळावा किंवा विल्हेवाटीला न्यावा लागतो. त्यात अडकलेले बेंझीन, क्लोरीन आणि इंधन यांची किंमत आधीच मोजलेली असते.

२२/ महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी. राज्याचे मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले. म्हणजे रसायनीचे कारखाने आणि त्यांच्या नदीवरची कायदेशीर नजर जवळपास समवयस्क आहेत. कायद्याची नजर पाइपाच्या तोंडाशी असते. त्या पाइपात काय येणार, याचा बराचसा निर्णय मात्र आराखड्याच्या कागदावर, पात्र निवडताना, झालेला असतो.

२३/ मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तोट्यातील हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या पुनर्रचनेला मान्यता दिली. रसायनीचे न परवडणारे कारखाने बंद करायचे आणि अग्निबाणांच्या इंधनासाठी लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा विभाग इस्रोकडे द्यायचा, असे ठरले. जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमला विकायचे ठरले. क्लोरोबेंझीनचा तेथील अध्याय संपला.

२४/ उद्योगांचा इतिहास बहुधा स्थापनेच्या तारखा, भांडवल आणि मंत्र्यांची भाषणे यांतून लिहिला जातो. त्याच्या खाली दुसरा इतिहास वाहत असतो: नळी की टाकी, एक टाकी की चार, अर्ध्यावर थांबायचे की पुढे जायचे. २.३ आणि ५.६ हे आकडे किरकोळ दिसतात. हजारो टनांनी गुणले, की त्यांतूनच कारखान्याचा नफा ठरतो आणि नदीच्या वाट्याला काय येणार तेही.