रिकाम्या कपाटाचा उपाय?

शाळेत साहित्याचं कपाट रिकामं असेल, तर संगणकावर प्रयोग दाखवून भागवावं, अशी ऑनलाइन प्रयोगशाळेबद्दल आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. या प्रयोगशाळेचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. १९९८मध्ये एमआयटीत हेसूस देल आलामो यांनी ‘वेबलॅब’ सुरू केली, तेव्हा ट्रान्झिस्टर खरा होता आणि मोजणारं उपकरणही खरं. विद्यार्थी इंटरनेटवरून व्होल्टेज ठरवायचा, आलेल्या प्रवाहाचे आकडे आलेखावर मांडायचा. उपकरण महागडं, ते साऱ्या वर्गाच्या वाट्याला यावं एवढाच हेतू. २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी संगणकावरच्या प्रयोगांचा ‘फेट’ प्रकल्प सुरू केला, त्याची प्रेरणा निराळी होती: टेबलावर जे कधीच दिसत नाही, ते दाखवणं. त्यातल्या विद्युतमंडलात तार जोडताच इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. दिव्याआधी आणि दिव्यानंतर त्यांचा वेग सारखाच. दिवा प्रवाह ‘खाऊन टाकतो’ हा मुलांचा पक्का गैरसमज तिथे डोळ्यांदेखत कोसळतो. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात या पडद्यावर शिकलेले विद्यार्थी संकल्पनांच्या प्रश्नांत पुढे होतेच. पण खऱ्या तारा-दिव्यांचं मंडल जोडून ते समजावण्यातही, खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले.

मग खरं साहित्य हवंच कशाला, असं कोणी विचारील. हा निष्कर्ष एका विषयाच्या एका भागापुरता आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. सैल जोडणी, उतरलेला सेल, दोनदा मोजून दोन वेगळी उत्तरं येणं, या गोष्टी पडद्यावर मुद्दाम घातल्याशिवाय येत नाहीत, आणि विज्ञानात मोजमापाची शंका घेणं याच गोष्टी शिकवतात. द योंग, लिन आणि झकारिया यांनी २०१३मध्ये ‘सायन्स’मध्ये संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा त्यांनाही दोन्ही प्रकारांचा मेळ अनेकदा अधिक लाभदायक दिसला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: गावातल्या शाळेत काहीच नाही, तिथे पडदा तरी मिळू द्या. ओढ समजते, पण गरिबी म्हणजे प्रयोग अशक्य, हे गृहीतक आपल्याच देशात खोटं ठरलं आहे. १९७२मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत किशोर भारती ही संस्था आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने स्वस्त साहित्यावर, मुलांच्या हातून प्रयोग करवून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. पुढे एकलव्य संस्थेने हे काम शेकडो शाळांत नेलं. मध्य प्रदेश सरकारने ते २००२मध्ये बंद केलं, त्याच वर्षी तिकडे ‘फेट’ सुरू होत होतं. बंद पडण्यामागे साहित्याची महागाई नव्हती. म्हणूनच अमृता विद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकने शाळांसाठी बनवलेल्या ‘ओलॅब्स’ या ऑनलाइन प्रयोगशाळेचं मोल, ती किती रिकाम्या कपाटांची जागा घेते यावर ठरवू नये. कुठला प्रयोग पडद्यावर आधी दाखवायचा आणि कुठला टेबलावर आधी करू द्यायचा, हे प्रकरणागणिक शिक्षकाने ठरवावं, आणि त्यासाठी त्याला प्रशिक्षण व वेळ मिळावा.