भैकेराची कातडी, बेडकाचा नकार

रोगप्रतिकारशास्त्रात बेडूक आला तो बायकांच्या गरोदरपणाच्या तपासणीतून. लॅन्सलॉट हॉग्बेन हे इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ १९२७ साली केपटाउनला गेले. तिथल्या डबक्यांत झेनोपस लेविस हा नखं असलेला बेडूक मुबलक. बैलाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचला की याची मादी अंडी घालते, हे त्यांना दिसलं. गरोदर बाईच्या लघवीनेही तेच घडतं हे पुढे सिद्ध झालं आणि देशोदेशींच्या तपासणी केंद्रांत हे बेडूक पोचले. १९६०च्या दशकात प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्यांनी त्यांचं ते काम संपवलं. पण हवं तेव्हा अंडी देणारा हा प्राणी गर्भविज्ञानाच्या अभ्यासकांनी तोवर आपलासा केला होता.

रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांना त्याचा उपयोग निराळा झाला. उंदराच्या पिल्लाची प्रतिकारयंत्रणा उभी राहू लागते ती आईच्या पोटात, जिथे हात पोचणं अवघड. भैकेर, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, मात्र उघड्या पाण्यात पोहत असतं. ब्रिटनमध्ये हॉर्टन आणि मॅनिंग यांनी कोवळ्या भैकेरांची थायमस ही प्रतिकारपेशी घडवणारी ग्रंथीच काढून टाकली. परकी कातडी झिडकारण्याची ताकद त्यामुळे लुळी पडते, हे त्यांनी १९७२ साली दाखवलं. पुढे लुई द्यु पास्किए आणि कोबेल यांनी स्वित्झर्लंडमध्ये दोन जातींच्या संकरातून जनुकांनी हुबेहूब सारख्या बेडकांचे कूळ तयार केले. आता एकाची कातडी दुसऱ्यावर बसवून नेमकं काय नाकारलं जातं, हे तपासता येऊ लागलं.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो रूपांतरणाचा, म्हणजे भैकेराचा बेडूक होण्याचा, प्रश्न. भैकेराच्या प्रतिकारपेशी ‘आपलं’ काय ते भैकेराच्या शरीरात शिकतात. मग काही आठवड्यांत शेपटी जाते, कातडी बदलते, रक्तातलं हिमोग्लोबिनसुद्धा वेगळं होतं. या नव्या शरीरावर जुनी फौज तुटून का पडत नाही? उत्तराचा एक भाग असा, की रूपांतरणाच्या वेळी कॉर्टिकोस्टेरॉइड संप्रेरकं वाढतात आणि लिंफोसाइट या प्रतिकारपेशी मोठ्या संख्येने मरतात. त्यांची जागा नव्या पेशी घेतात. लुईस रॉलिन्स-स्मिथ यांनी अमेरिकेत यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. उलट बाजूचा पुरावा जपानचा. झेनोपसच्या ‘जे’ (J) नावाच्या, जनुकीयदृष्ट्या एकसारख्या वाणाच्या प्रौढ बेडकावर त्याच वाणाच्या भैकेराची कातडी बसवली, तर तो ती परकी म्हणून नाकारतो, असं इझुत्सु आणि योशिझातो यांना १९९३ साली आढळलं. आपलं-परकं ही ओळख जनुकांत एकदाच कोरलेली नसते, वयाबरोबर ती पुन्हा मांडली जाते, याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसऱ्या प्राण्यात माहीत नाही.

या फेरमांडणीची किंमतही आहे. जुनी फौज विरळ झालेली असताना इवलासा नवा बेडूक उघडा पडतो. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी १९९९ साली नाव देऊन नोंदवली गेली. जगभर कित्येक जाती तिने संपवल्या आणि अनेक जातींत मरण नेमकं रूपांतरणानंतरच येतं. त्यामुळे रॉलिन्स-स्मिथ यांच्यासारखे संशोधक आता याच बुरशीशी बेडकाची कातडी कशी झुंजते, हे झेनोपसवर शोधत आहेत. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही ही बुरशी २०१३ साली नोंदवली गेली आहे.