पस्तेल व रिसोल

मासळीचे सारण भरून तळलेले करंजीच्या आकाराचे खाद्यपदार्थ. दोन्ही नावे पोर्तुगीज भाषेतून आली आहेत. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल व केप व्हर्द येथे पस्तेल रूढ असून त्यात मसाल्यात शिजविलेली मासळी भरतात. गोव्यातील रिसोलसाठी उकळत्या पाण्यात लोणी व मैदा घालून मोदकाप्रमाणे उकड काढतात. दूध व मैद्याच्या दाट रसातील कोळंबी पारीत भरून, अंडे व पावाचा चुरा लावून ते तळतात.

केप व्हर्द १९७५ पर्यंत, तर गोवा १५१० ते १९६१ पोर्तुगीजांच्या सत्तेखाली होता. ठाणेही १७३७ पर्यंत त्यांच्या अंमलाखाली होते. मात्र यावरून ठाणे-कल्याण भागातील करंजी पोर्तुगीजांनी आणली, असे म्हणता येत नाही. करंजी हे नाव देशी असून तिचे नेहमीचे सारण खोबऱ्याचे असते. उलट गोव्यातील ख्रिस्ती समाजाने धर्मांतरानंतरही नेवरी सोडली नाही. ती नाताळच्या फराळात आजही असते. ठाणे, डोंबिवली येथे स्थायिक झालेल्या गोमंतकीय घरांत रिसोल व नेवरी दोन्ही होतात. आकारसाम्य हा उगमाचा पुरावा नव्हे. नाव, पारी व सारण यांचा एकत्रित विचार करावा लागतो.