10:30:100 या आकड्यांमागची गोष्ट

विद्यापीठाच्या क्लस्टरवर सकाळी सगळे एकदम लॉगिन करायला बघतात, तेव्हा काहींचं कनेक्शन पासवर्ड विचारायच्या आधीच तुटतं. दोन मिनिटांनी तोच माणूस सहज आत जातो. ‘नेट गंडलंय’ म्हणून आपण विषय सोडून देतो. पण कित्येकदा नेट ठणठणीत असतं, सर्व्हरनेच चिठ्ठ्या टाकून आपल्याला वगळलेलं असतं.

चिठ्ठ्या टाकायची ही युक्ती मुळात राउटरवाल्यांची. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. 40 हजार नव्हे, नुसते 40! आणि अंतर जेमतेम 400 यार्ड. ही कोंडी कशी होते याच्या मागे व्हॅन जेकबसन लागले. पुढे 1993 मध्ये त्यांनी आणि सॅली फ्लॉइड यांनी उपाय मांडला: रांग पूर्ण भरायची वाटच बघायची नाही. ती वाढू लागली की अधूनमधून एखादं पॅकेट यदृच्छेने टाकून द्यायचं, आणि रांग लांबेल तशी ही शक्यता वाढवत न्यायची.

एसएसएच त्यानंतरचं. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, म्हणून 1995 मध्ये तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. डिसेंबर 1999 मध्ये ओपनएसएसएच आलं. त्यातली ‘मॅक्सस्टार्टअप्स’ ही मर्यादा दारात उभ्या असलेल्यांची आहे, म्हणजे ज्यांची ओळख अजून पटायची आहे त्यांची. आत गेलेले त्यात मोजले जात नाहीत. पूर्वी ती सरळ 10 असायची आणि ओळख पटवायला मुदत 120 सेकंद. आता बघा, कुणी 10 कनेक्शन उघडून नुसतं गप्प बसलं, की बाकी सगळे दोन मिनिटं बाहेर! ना पासवर्ड फोडायची गरज, ना मोठ्या ताकदीची.

2013 च्या 6.2 आवृत्तीपासून 10:30:100 हा नेहमीचा आकडा झाला. दारात 10 जण असतील तर नव्या माणसाला नकार मिळण्याची शक्यता 30 टक्के, 55 असतील तर 65, आणि 100 झाले की सगळ्यांनाच नकार. म्हणजे ते 10 गप्प बसलेले असले तरी खऱ्या माणसाला दहात सात वेळा वाट मिळते. मला हा तोडगा फार आवडतो. कोण खरा, कोण खोटा हे सर्व्हरला ठरवावंच लागत नाही.

अडचण वेगळीच होती: नकार दिसायचाच नाही. लॉगमध्ये त्याची नोंद फक्त डीबग पातळीवर व्हायची, आणि ती पातळी चालू सर्व्हरवर कोण ठेवतो? ‘हू’ कमांड आत असलेलेच मोजते, त्यामुळे अ‍ॅडमिन म्हणणार, चारच तर लोक आहेत! 2019 मध्ये गिटलॅबच्या अभियंत्यांनी अशाच तुटणाऱ्या कनेक्शनचा माग काढला, तर मूळ निघालं घड्याळात. लोकांची ठरवून लावलेली कामं नेमक्या त्याच सेकंदाला दारावर येऊन धडकत होती. दिवसाची सरासरी बघून हे कधीच कळलं नसतं.

फेब्रुवारी 2020 च्या 8.2 आवृत्तीपासून मात्र ‘पीएस’ कमांडने सर्व्हरच्या प्रोसेसच्या नावातच दारात कितीजण आहेत आणि मर्यादा किती, हे दिसतं. दर सेकंदाला तो आकडा टिपून ठेवणं पुरेसं आहे. 2021 मध्ये प्रत्येक पत्त्यासाठी वेगळी मर्यादा घालायची सोयही आली. पण अख्खं हॉस्टेल एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे असेल, तर सर्व्हरच्या लेखी ती सगळी पोरं मिळून एकच माणूस.