तळटीप : फाल्गुनराव

१. फाल्गुनराव : तुमसर तालुक्यातल्या चिखला मँगनीज खाणीवर घडणाऱ्या या कथेत कामगार मुकादमाला मागून याच नावाने हाक मारतात, कारण त्याला बायकोने भरून दिलेल्या डब्याचाही संशय येतो. नाव गो. ब. देवलांच्या नाटकातले आहे. आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यात जन्मलेल्या आर्थर मर्फीने मोलिएरचे १६६० चे प्रहसन हाताशी धरून १७६१ मध्ये लंडनसाठी ‘ऑल इन द राँग’ लिहिले. त्यावरून देवलांनी आधी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक केले आणि १९१६ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी, ते ‘संगीत संशयकल्लोळ’ होऊन रंगभूमीवर आले. याला आयरिश प्रभाव म्हणणारे आहेत. प्रस्तुत संपादकाला ते जरा ओढूनताणून वाटते. मर्फीची हयात लंडनात गेली, आणि नाटकात आयर्लंड औषधालाही नाही. देवलांनी तर सर जॉन रेस्टलेसचा फाल्गुनराव करून कृत्तिका, रेवती, अश्विनशेठ, भादव्या असे अख्खे पंचांगच मंचावर उभे केले. राहिला प्रश्न, खाणकामगाराच्या तोंडी हे नाव कसे? ही खाण ज्या झाडीपट्टीत आहे तिथे दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरली की गावोगाव रात्र रात्र नाटके चालतात. नाटकातली माणसे तिथे शेजाऱ्यांइतकी ओळखीची असतात. प्रकरण सातमध्ये बायकोच्या ट्रंकेत मुकादमाला सापडणारा परक्या माणसाचा फोटो म्हणजे देवलांच्या नाटकातली तसबीरच. ती मात्र मोलिएरपासून चालत आलेली आहे. — संपा.